एनआयएसएम सिरीज ८ मध्ये नापास झालात? दुसऱ्यांदा बसणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पांढरकवड्याकडच्या एका खेड्यातली. बीकॉम झाल्यावर तालुक्याला एका शेअर ब्रोकरच्या ऑफिसात लागले, आणि तिथं एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर होणारे सौदे) च्या टर्मिनलवर बसायचं तर इक्विटी डेरिव्हेटिव्हची, म्हणजे एनआयएसएम सिरीज ८ ची परीक्षा पास पाहिजे म्हणून फॉर्म भरला. पहिल्यांदा ५७.५ मार्क, पासिंग ६०. दुसऱ्यांदा ७४. तेव्हापासून वणी, राळेगाव, घाटंजी, हिंगणघाटकडून पोट्टे-पोट्टी फोन करतात आणि सगळ्यांचे प्रश्न जवळपास सारखेच राहतात, म्हणून एकदा नीट बसून सगळं लिहून ठेवून राहिले आहे.

ही परीक्षा आहे तरी काय, आणि लोक एवढे नापास काहून होतात?

एनआयएसएम म्हणजे सेबीनं, शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, २००६ साली उभी केलेली संस्था. शेअर बाजारात काम करणाऱ्या माणसाला सर्टिफिकेट पाहिजे, हा नियम सेबीनं २००७ मध्ये आणला आणि त्या परीक्षा ही संस्था घेते. आपली सिरीज ८ म्हणजे १०० प्रश्न, १०० मार्क, १२० मिनिटं, पास व्हायला ६०, आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाला पाव मार्क कापतात. म्युच्युअल फंडवाली जी ५-ए आहे तिला पासिंग ५० आहे आणि निगेटिव्ह नाही, त्यामुळे ती एका झटक्यात काढलेले लोक त्याच जोरावर इथं येतात आणि आपटतात. दोन्ही परीक्षांचा अभ्यास वेगळा आहे. ५-ए वाचून निघते, ही हातानं सोडवल्याशिवाय निघत नाही.

परत देता येते का? फी परत लागते का?

हो, देता येते. फी मात्र परत पूर्ण भरावी लागते, मी भरली तेव्हा १५०० रुपये आणि वरून टॅक्स. त्यात नागपूरचं जाणं-येणं धरा. आपल्यासारख्या घरात हा पैसा लहान नाही, म्हणूनच म्हणते का नापास झाल्याच्या रागात त्याच रात्री पुढच्या आठवड्याची तारीख बुक करू नका.

५७-५८ आले म्हणजे थोडक्यात गेलं ना? थोडं अजून वाचलं की होईल?

मलाही तसंच वाटलं होतं आणि तिथंच फसगत होते. मी सगळे १०० प्रश्न सोडवले होते. ५७.५ चा हिशोब कागदावर मांडला तर ६६ बरोबर आणि ३४ चूक निघतात, ३४ चा पाव म्हणजे साडेआठ, ते ६६ मधून गेले. म्हणजे शंभरातले चौतीस मला येत नव्हते आणि मी घरीदारी सांगत होते का अडीच मार्कानं गेलं.

हा हिशोब तुम्ही पण करा, आजच करा. सगळे १०० सोडवणाऱ्याला पास व्हायला ६८ बरोबर लागतात, ६८ वजा ८ बरोबर ६०. सदुसष्ट आले तरी ५८.७५ वर अडकते. तेच ८० सोडवून २० कोरे ठेवले तर ६४ बरोबर आणि १६ चूक एवढ्यावर काम होऊन जाते. दुसऱ्या वेळी माझे ७८ बरोबर, १६ चूक असावेत असा माझा अंदाज, कारण ६ कोरे सोडले होते हे मला पक्कं आठवते.

मग तुक्का मारायचा का नाही?

चार पर्याय असले आणि निरा डोळे मिटून टिक केलं तर सरासरीत काहीच हाती लागत नाही, सोळा प्रश्नांमागे एक मार्क फार तर, आणि नशीब फिरलं तर तेवढेच खाली. एक पर्याय नक्की चूक आहे असं कळलं तर थोडा फायदा. दोन पर्याय छाटता आले आणि दोनात अडकलात तर नक्की मारा, कारण तिथं सरासरी चांगली आपल्या बाजूनं आहे, अशा आठ प्रश्नांत तीन मार्क हाती येतात. म्हणून माझा नियम साधा, दोन छाटले तर टिक, काहीच छाटता आलं नाही तर कोरा. पहिल्या वेळी मी कोरा प्रश्न पाहूच शकत नव्हते, शाळेपासून सवय ना, काहीतरी लिहून या असं बाई सांगायच्या.

मी तर हजार प्रश्नांचा संच पाठ केला होता, तरी गेले. असं कसं?

त्यामुळंच गेले असाल, आणि हे मी टोचून बोलत नाही, माझंही तेच झालं. मोबाईलवर फिरणारी प्रश्नांची पीडीएफ मी तीनदा केली, तिसऱ्यांदा ९२ टक्के आले, आणि मला वाटलं झालं आता. पण तेव्हा मला उत्तर येत नव्हतं, उत्तराची ओळख पटत होती, म्हणजे गावात चेहरा ओळखीचा वाटते पण नाव सांगता येत नाही तसं. परीक्षेत आकडे बदलले, खरेदीच्या जागी विक्री केली, कॉलच्या जागी पुट टाकला, की ओळख संपली.

आता मी ज्याला त्याला एकच सांगते. प्रश्न सोडवायचा तर पर्याय हातानं झाका, वहीवर उत्तर काढा, मग हात उचला. तुमचं उत्तर पर्यायात असेल तर ठीक. नसेल तर तो प्रश्न वहीच्या मागच्या पानावर उतरवा आणि बाजूला एक ओळ लिहा का चुकलं कुठं, सूत्र चुकलं, खरेदी-विक्री उलटी झाली, का शब्दच कळला नाही. माझ्या मागच्या पानांवर महिनाभरात १४० च्या वर प्रश्न जमले आणि त्यातले अर्ध्याहून जास्त एकाच चुकीचे होते, ऑप्शन विकणाऱ्याच्या बाजूनं विचारलं की माझं सगळं उलटं व्हायचं. पीडीएफ दहा वेळा केली असती तरी हे मला दिसलं नसतं.

वर्कबुक कुठून घ्यायचं? ताईची जुनी पीडीएफ आहे, चालेल का?

एनआयएसएमच्या वेबसाईटवरून फुकट डाउनलोड होते. तेच घ्या, नवीनच घ्या, आणि कोणत्या महिन्याची आवृत्ती आहे ते पहिल्या पानांवर पाहून घ्या. जुनी पीडीएफ चालत नाही, कारण ह्या विषयातले नियम फार हलतात. उदाहरण सांगते. १ ऑक्टोबर २०२४ पासून फ्युचर्स विक्रीवरचा एसटीटी (सौद्यावर लागणारा सरकारी टॅक्स) ०.०१२५ टक्क्यांवरून ०.०२ झाला आणि ऑप्शनच्या प्रीमियमवरचा (ऑप्शन घ्यायला द्यावी लागणारी रक्कम) ०.०६२५ वरून ०.१. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंडेक्सच्या (निफ्टीसारख्या निर्देशांकाच्या) कॉन्ट्रॅक्टची कमीत कमी किंमत ५ लाखांवरून १५ लाखांवर नेली. जुनी नोट पाठ केलेला माणूस इथं पूर्ण आत्मविश्वासानं चूक टिक करते. टॅक्सचे दर, एक्सपायरीचा म्हणजे मुदत संपायचा वार, लॉट साईज म्हणजे एका सौद्यात किती नग, हे व्हॉट्सअॅपवरून घेऊच नका, तुमच्या परीक्षेच्या वर्कबुकात जे छापलं आहे तेच धरा.

ऑप्शन डोक्यातच जात नाही. कॉल, पुट, रायटर, सगळं गोल गोल फिरते.

ह्याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार, कारण इथं जमलं की निम्मी परीक्षा जमली.

आपल्याकडं प्लॉटचा सौदा कसा होतो ते आठवा. प्लॉट दहा लाखाचा ठरला, तुम्ही पन्नास हजार इसार दिला, तीन महिन्यांची मुदत. आता समजा मुदतीत तिथून रस्ता निघाला आणि प्लॉट बारा लाखाचा झाला, तर तुम्ही दहालाच घेणार. आठ लाखावर आला तर इसार सोडून देणार, पन्नास हजाराच्या वर तुमचं काही जात नाही. हा झाला कॉल घेणारा. घ्यायचा का नाही हे त्याच्या मर्जीवर. ज्यानं इसार घेतला तो प्लॉटवाला म्हणजे कॉल विकणारा (त्यालाच रायटर म्हणतात), त्याची कमाई पन्नास हजारावर थांबली, पण भाव वीस लाख झाला तरी त्याला दहालाच द्यावा लागते. त्याच्याकडं मर्जी नाही, बांधिलकी आहे. एक फरक मात्र पक्का ध्यानात ठेवा, खऱ्या सौद्यात इसार किमतीत वळता होतो, ऑप्शनचा प्रीमियम वळता होत नाही, तो गेलाच. म्हणून इथं ब्रेकइव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा असा भाव, साडेदहा लाख. स्ट्राइक म्हणजे ठरलेला भाव, अधिक प्रीमियम.

आता पुट. घरात शंभर क्विंटल कापूस भरून ठेवला आहे, भाव पडण्याची भीती आहे. समजा एखाद्या व्यापाऱ्यानं क्विंटलमागे २०० रुपये घेतले आणि लिहून दिलं का फेब्रुवारीत तुम्ही म्हटलं तर ७५०० नं घेईन. बाजार ६८०० वर आला तर तुम्ही त्याला ७५०० नं देणार, हाती ७३०० पडले. बाजार ८२०० वर गेला तर बाहेर विकणार, हाती ८०००. वर्कबुकात ज्याला प्रोटेक्टिव्ह पुट म्हणतात तो हाच, फक्त कापसाच्या जागी शेअर. माझ्या बाबांना हे सांगितलं तर दोन मिनिटात समजलं आणि त्यांनी उलट मलाच विचारलं, "मग त्या व्यापाऱ्याचा जीव किती टांगणीला राहत असेल?" परीक्षेत मार्जिन (सौद्यासाठी आधी ठेवायची अनामत रक्कम) कोण भरते हा प्रश्न आला की मला बाबांचं ते वाक्य आठवते. ज्याचा जीव टांगणीला तो मार्जिन भरते, म्हणजे विकणारा. घेणारा प्रीमियम देऊन मोकळा.

फ्युचर्समध्ये, म्हणजे ठरलेल्या भावानं पुढच्या तारखेला घ्यायच्या-द्यायच्या करारात, मात्र दोघंही बांधलेले, म्हणून मार्जिन दोघांकडून, आणि नफा-तोटा रोज संध्याकाळी खात्यात वळता होतो, त्याला मार्क टू मार्केट म्हणतात. किराण्याच्या उधारीसारखं महिन्याच्या शेवटी पाहू असं तिथं नाही.

गणितं कोणती कोणती येतात?

मी तरी ही चार प्रकारची हात बसेपर्यंत केली.

स्प्रेड, म्हणजे एक ऑप्शन घेऊन दुसरा विकणं. १०० चा कॉल ६ ला घेतला, ११० चा कॉल २ ला विकला. खिशातून ४ गेले, जास्तीत जास्त तोटा ४, जास्तीत जास्त नफा ६, ब्रेकइव्हन १०४. हे आकडे सूत्रानं काढू नका, ९५, १००, १०४, ११०, १२० असे पाच भाव लिहा आणि प्रत्येक भावाला दोन्ही सौद्यांचं काय होते ते खाली मांडा. दहा वेळा मांडलं की आकृती आपोआप डोळ्यासमोर येते.

बीटावरून हेजिंग, म्हणजे तोट्यापासून बचाव. बीटा म्हणजे इंडेक्स एक टक्का हलला तर आपले शेअर साधारण किती टक्के हलतात तो आकडा. २५ लाखाचे शेअर, बीटा १.२, म्हणजे ३० लाखाचे इंडेक्स फ्युचर्स विकायचे, एक लॉट १५ लाखाचा असेल तर दोन लॉट. इथं लोक बीटानं गुणायचं विसरतात.

कॉस्ट ऑफ कॅरी. शेअर १००० चा, वर्षाला १२ टक्के व्याज, तीन महिने, म्हणजे फ्युचर्सचा भाव साध्या हिशोबानं १०३०. मधात १० रुपये डिव्हिडंड मिळणार असेल तर तो वजा होतो, १०२० च्या आसपास. आपल्या ओळखीचं आहे हे, कापूस घरात ठेवला तर पैशाचं व्याज चढतेच.

चौथं म्हणजे इंट्रिन्सिक व्हॅल्यू आणि टाइम व्हॅल्यू. शेअर १०८ वर, १०० चा कॉल ११ ला मिळून राहिला, तर १०८ मधून १०० गेले ते ८ इंट्रिन्सिक आणि उरलेले ३ टाइम. सोपं आहे, फुकटचे मार्क आहेत, सोडू नका.

थिअरीचे धडे सोडले तर चालतात का? समित्या, कायदे वगैरे.

नाही, उलट तेच मार्क हमखास आहेत. डेरिव्हेटिव्ह आणण्यासाठीची एल. सी. गुप्ता समिती १९९६ साली नेमली, अहवाल १९९८ चा. जे. आर. वर्मा समिती मार्जिन आणि रिस्कसाठी. कायद्यात दुरुस्ती डिसेंबर १९९९ ला झाली, मग जून २००० मध्ये इंडेक्स फ्युचर्स, २००१ च्या जूनमध्ये इंडेक्स ऑप्शन, जुलैमध्ये शेअरवरचे ऑप्शन, नोव्हेंबरमध्ये शेअरवरचे फ्युचर्स. इंडेक्सचं सेटलमेंट पैशात होते आणि शेअरचं प्रत्यक्ष डिलिव्हरीनं, हे ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्या शेअर डेरिव्हेटिव्हला लागू आहे. अशा ओळी मी वहीच्या एका पानावर उतरवून कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या होत्या.

मराठी मीडियमचं शिक्षण आहे, इंग्रजी प्रश्न वाचतानाच गोंधळ होतो.

मी इंग्रजीतूनच दिली आणि माझी दहावीपर्यंतची शाळा जिल्हा परिषद आणि मग गावातलीच मराठी. भाषा अवघड नाही, पाच-सहा शब्द घात करतात. नॉट, एक्सेप्ट, ऑब्लिगेशन, राईट, लाँग, शॉर्ट. प्रश्न वाचला की पहिल्यांदा रफ कागदावर मराठीत दोनच शब्द लिहायचे, "घेतला" का "विकला", आणि "कॉल" का "पुट". मग बाकीचं वाचायचं. "नॉट" दिसला की कागदावर मोठी फुली. बालिश वाटेल पण माझे किती तरी प्रश्न ह्या दोन शब्दांनी वाचवले.

पुढची तारीख कधीची घ्यावी?

आपल्या इकडे परीक्षेची तारीख कॅलेंडर पाहून नाही, वावर पाहून घ्यावी लागते. जून-जुलैत पेरणी आणि निंदण, ऑक्टोबरला सोयाबीनची कापणी, दिवाळीपासून कापसाची वेचणी, मजूर भेटत नाहीत आणि घरातल्या पोरीला वावरात जावंच लागते, मी पहिल्या वेळी डिसेंबरची तारीख घेतली होती आणि दिवसभर वेचून रात्री पुस्तक उघडलं की अक्षरं पळायची. ती माझी सरळ चूक होती. दुसऱ्यांदा फेब्रुवारी-मार्च घेतली, कापूस निघून गेला होता, चुकारा हाती आला होता त्यामुळं फी मागायलाही जड गेलं नाही, आणि ऊन पेटायच्या आधी नागपूरला जाऊन आले. एप्रिल-मे मध्ये एक तर लग्नं आणि दुसरं म्हणजे ४५ डिग्रीत लाल परीनं प्रवास. ऑगस्ट-सप्टेंबर पण जमते, फक्त तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपूरची तारीख घेऊ नका, मारबतीच्या मिरवणुकीत अर्धं शहर अडकलेलं राहते.

किती दिवस अभ्यास पुरतो?

नोकरी सांभाळून सहा ते आठ आठवडे, रोज दीड तास. मी पहाटे साडेचारला उठायची, कारण संध्याकाळी घरात टीव्ही आणि पाव्हणे, आणि लाईटचाही भरवसा नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत दर दोन दिवसाआड एक पूर्ण १०० प्रश्नांचा पेपर, घड्याळ लावून, मधात पाणी प्यायलाही न उठता. एवढंच.

घरचे म्हणतात एकदा नापास झाली, आता पुन्हा पैसे कायले घालवतं.

हा प्रश्न पोरीच जास्त विचारतात आणि विचारताना आवाज बारीक होतो त्यांचा. माझ्या घरी पण झालं हे. मोठी आई सरळ म्हणाली, "आता स्थळं पाहा." मी रागावून बोलले असते तर विषय तिथंच मिटला असता. मी बाबांपुढं वही ठेवली, ६६ आणि ३४ चा हिशोब दाखवला, कोणत्या धड्यात किती चुकलं ते दाखवलं, आणि म्हटलं दोन महिने द्या, दर रविवारी पेपरचे मार्क तुम्हाला दाखवते, सलग तीन पेपरला ७० च्या वर गेले तरच फी मागीन. बाबांना ऑप्शन कळो न कळो, हिशोब कळते, आयुष्य त्याच्यात गेलं त्यांचं. चौथ्या रविवारी त्यांनीच विचारलं, "आज किती?" तुमच्या घरी हे असंच चालेल असं नाही म्हणत, पण "मला अजून एक संधी द्या" ह्याच्यापेक्षा वही दाखवणं जास्त कामी येते.

नागपूरला जाताना काय पाहायचं?

सकाळचा स्लॉट असेल तर आदल्या दिवशीच जा. पांढरकवड्यावरून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, हायवे चांगला आहे, पण एसटी वेळेवर येईल ह्यावर १५०० रुपये लावू नका. नातेवाईक असतील तर त्यांच्याकडं, नाही तर दुपारचा स्लॉट घ्या आणि पहाटेची गाडी पकडा. गणेशपेठला उतरून सेंटर कुठं आहे ते आधीच नकाशावर पाहून ठेवा. हॉल तिकीट, मूळ ओळखपत्र, आणि पॅन कार्डावरचं नाव रजिस्ट्रेशनशी अक्षर न अक्षर जुळते का ते घरीच तपासा. वडिलांचं नाव एकीकडं पूर्ण आणि एकीकडं नुसतं अक्षर, अशा भानगडी आपल्याकडं लय.

कॉम्प्युटरसमोर बसल्यावर दोन तास कसे वाटायचे?

एका प्रश्नाला ७२ सेकंद येतात. मी तीन फेऱ्या केल्या. पहिल्या फेरीत वाचताच येणारे, थिअरी वगैरे, साधारण ४५ मिनिटं. दुसरीत गणितं, कागदावर मांडून, तासभर. उरलेल्या पंधरा मिनिटांत मार्क करून ठेवलेले, त्यातही दोन पर्याय छाटता आले तेवढेच. आधी टिक केलेलं उत्तर शेवटच्या पाच मिनिटांत बदलायचं नाही असं मी हातावर लिहून नेणार होते, मग वाटलं कॉपीचा संशय येईल, म्हणून नुसतं मनात म्हणत बसले. सबमिट केल्यावर मार्क तिथंच स्क्रीनवर येतात. नापास दिसलं तरी पाच मिनिटं खुर्चीवर बसा, आणि बाहेर आल्याबरोबर, गाडीत बसायच्या आधी, अडलेले विषय आठवतील तसे कागदावर उतरवा. मी पहिल्या वेळी रडत गाडीत बसले आणि हिंगणघाटपर्यंत सगळं विसरून गेले होते.

पास झाल्यावर गावातले लोक टिप मागतात, काय सांगायचं?

सर्टिफिकेट तीन वर्षांचं राहते आणि ह्या तीन वर्षांत हा प्रश्न तुम्हाला शंभर वेळा येईल. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीनं अभ्यास काढला, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ मध्ये एफ अँड ओ करणाऱ्या साध्या लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, मिळून १.८ लाख कोटींच्या वर. हा आकडा मी टेबलाच्या काचेखाली लावून ठेवला आहे.

मागच्या हंगामात गावातले एक काकाजी कापसाचा चुकारा घेऊन ऑफिसात आले, युट्यूब पाहून ऑप्शन विकायचं ठरवून आले होते, म्हणे रोजचा प्रीमियम खायचा. मी त्यांना इसाराचीच गोष्ट सांगितली, फक्त ह्या वेळी प्लॉटवाल्याच्या खुर्चीत त्यांना बसवून. भाव वीस लाख झाला तर काय कराल विचारलं. बराच वेळ कागदाकडं पाहत होते. मग कागद घडी करून खिशात टाकला, चहा घेतला, आणि बँकेची वेळ किती वाजेपर्यंत असते ते विचारून गेले.